पंचवीस हजारांत डाइव्ह कॉम्प्युटर : बेळगावकरानं कुठला घ्यावा?

दुसरं गेट | शनिवार, रात्री ९.१२

मंडळी, जरा मदत पाहिजे.

तीन वर्षांपूर्वी अंदमानात हॅवलॉकला स्कूबा डाइव्हिंगचा (पाठीवर टाकी घेऊन पाण्याखाली जायचा) ओपन वॉटर कोर्स केला. वय तेव्हा ४४. बायको म्हणाली, म्हातारचळ. त्यानंतर मालवण आणि मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी बेट मिळून चौदा डाइव्ह झाल्या. दर वेळी कॉम्प्युटर (पाण्याखाली खोली आणि वेळ दाखवणारं मनगटावरचं यंत्र) भाड्याचा. गेल्या खेपेला तर बोटीवर आम्हा दोघांत मिळून एकच दिला आणि "जवळजवळ राहा" म्हणाले. चाळीस मिनिटं मी जोडीदाराच्या मनगटाकडं बघत काढली. मासे त्यानं बघितले.

आता स्वतःचा घ्यायचाय. बजेट २५ हजार. (घरी १५ सांगितलंय.) बघून ठेवलेत ते तीन: क्रेसी लिओनार्डो, मारेस पक प्रो, सुन्टो झूप नोव्हो. मला सांगितलेले भाव अठरा ते पंचवीस हजारांच्या मध्ये, दुकानागणिक वेगळे. चौथा शीअरवॉटर पेरेग्रीन. तो बजेटच्या दुप्पट आहे, पण त्याचा रंगीत पडदा बघितल्यापासून झोप नीट लागेना झालीय.

वर्षाला दोन-तीन फेऱ्या, फेरीला दोन-चार डाइव्ह. १८ मीटरच्या खाली जायचं माझं सर्टिफिकेट नाही आणि हौसही नाही. नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजनची हवा) पुढं कधीतरी करीन. बेळगावात हातात घेऊन बघायला मला एकही पीस मिळाला नाही, म्हणून इथं विचारतोय.

निपाणीकर | शनिवार, रात्री ९.२०

बेळगावात समुद्र कवा आला म्हणायचा? पावसाळ्यात पुलाखाली साचतंय तेवढ्याला कॉम्प्युटर कशाला वो, चड्डी वर केली की झालं.

काळीनदी | शनिवार, रात्री १०.०५

निपाणीकर, तुमच्याकडं तंबाखू, आमच्याकडं समुद्र. ज्याचं त्याला.

मी कारवारचा. पंधरा वर्षं बोटीवर काढली, त्यातली बरीच लोकांना पाण्यात उतरवण्यात. दुसरं गेट, आधी एक सांगतो: दोघांत एक कॉम्प्युटर दिला तर पाण्यात उतरू नका. कॉम्प्युटरला तुमचं रक्त कळत नाही, वय कळत नाही, रात्री किती झोपलात ते कळत नाही. त्याच्या पोटात एक दाबमापक आणि एक घड्याळ. किती खोलीवर किती वेळ गेला, यावरून शरीरात नायट्रोजन किती मुरला असेल याचा तो हिशोब मांडतो. हिशोब ज्याच्या मनगटावर आहे त्याचाच. जोडीदार तुमच्यापेक्षा दोन मीटर वर तरंगत असेल तर त्याचं खातं वेगळं, तुमचं वेगळं. त्याहून वाईट म्हणजे सकाळी एकानं बांधायचा आणि दुपारी दुसऱ्यानं. पहिल्या डाइव्हचा उरलेला नायट्रोजन यंत्राच्या लक्षात असतो, पण तो दुसऱ्याच्याच अंगातला असतो.

टेबलं (किती खोलीला किती वेळ राहायचं याचे छापील तक्ते) असताना हा कशाला, असं कुणीतरी विचारणारच (आमचे टेबलवाले काका अजून जागे असतील). टेबल म्हणजे वडापचं भाडं. मधे कुठंही उतरा, पैसे शेवटच्या गावाचे. तुम्ही दोन मिनिटं १८ मीटरला जाऊन उरलेला वेळ १० मीटरला काढलात तरी टेबल धरतं की सगळा वेळ १८ लाच होता. कॉम्प्युटर म्हणजे मीटरची रिक्षा. जेवढं खाली गेलात तेवढंच लागतं.

आता यादी. नेटवर लोक अल्गोरिदमवरून, म्हणजे आतल्या हिशोबाच्या पद्धतीवरून, एकमेकांची डोकी फोडतात. सुन्टो, मारेस, क्रेसी तिघंही आरजीबीएम (अंगातल्या बुडबुड्यांचा विचार करणारं गणित) घराण्यातले, प्रत्येकाचं वळण आपापलं. स्वभावानं जरा भित्रे. दुसऱ्या-तिसऱ्या डाइव्हला वेळ कमी देतात, भसकन वर आलात तर पुढच्या डाइव्हला आणखी कापतात. शीअरवॉटर झुरिचच्या डॉक्टर ब्युलमान यांच्या गणितावर चालतो. त्यात शरीराचे सोळा कप्पे धरतात, काही पटकन भरणारे, काही सावकाश, आणि किती सावध राहायचं ते तुम्ही स्वतः ठरवू शकता. हे सगळं खरं. पण तुमच्या कामाचं किती?

हिशोब करून बघा. आपल्याकडं बहुतेक ठिकाणी ११ लिटरची ॲल्युमिनियमची टाकी मिळते. २०० बार (दाबाचं माप) भरलेली, ५० बार राखीव ठेवून वर यायचं. हातात राहिली १६५० लिटर हवा. १८ मीटरला दाब २.८ पट. नवखा माणूस वर मिनिटाला २० लिटर ओढत असेल तर खाली ५६ लिटर ओढतो. एकोणतीस मिनिटांत खेळ खलास. आणि पॅडी या डाइव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या टेबलावर १८ मीटरला मर्यादा आहे ५६ मिनिटांची! म्हणजे पहिल्या डाइव्हला कुठलाही कॉम्प्युटर "वर चल" म्हणायच्या आधी तुमचा प्रेशर गेज म्हणणार. दिवसाला चार-चार डाइव्ह, तीस मीटर, लिव्हअबोर्ड (बोटीवरच मुक्काम), असलं काही असतं तर अल्गोरिदमची चर्चा केली असती. तुमच्यासाठी तिघंही चालतील.

टेबलवाले काका | शनिवार, रात्री १०.१७

जागा आहे. मीटरच्या रिक्षाला सेल लागतो, वडापला लागत नाही. उपमा मात्र आवडली.

शहापूरची सून | रविवार, सकाळी ७.४०

मी लिओनार्डो वापरते, पाचवं वर्ष. एकच बटण. सोपंय म्हणतात, पण मेनूत एक घर पुढं गेलात की अख्खी प्रदक्षिणा घालून परत यायचं. बोटीवर मळमळत असताना नायट्रॉक्सचा आकडा भरायचा म्हणजे काय होतं ते मी सांगत नाही. पक प्रोचंही तसंच, एकच बटण. झूपला चार आहेत. पाण्याखाली मात्र यातल्या कशालाच फारसा हात लावावा लागत नाही.

दुसरं गेट, तुम्ही ४७ चे ना? मग अल्गोरिदमचं राहू द्या, मोबाइल किती लांब धरून वाचता ते सांगा. मला पंचेचाळिशीनंतर खोलीचा मोठा आकडा दिसायचा, पण कोपऱ्यातली बारीक चिन्हं म्हणजे नुसत्या मुंग्या. विकत घ्यायच्या आधी कुणाचा तरी मागून घ्या, न्हाणीघरातला दिवा बंद करा, मास्क लावा, हात लांब करा आणि काय काय वाचता येतंय ते बघा. पाण्यात वस्तू थोड्या मोठ्या दिसतात हे खरं, पण गढूळ पाण्यात तो फायदा जातो.

दुसरं म्हणजे सेल. हे तिन्ही कॉम्प्युटर आपले आपण उघडून सेल बदलता येणारे आहेत, आणि बेळगावात राहणाऱ्याला याचं मोल मोठं. झूप आणि पक प्रोला सीआर२४५० लागतो. माझ्या लिओनार्डोला सीआर२४३०, तो शोधायला मी खडेबाजार पालथा घातला, शेवटी गणपत गल्लीत एका घड्याळवाल्याच्या डब्यात दोन निघाले. दोन्ही घेऊन ठेवले.

आता त्या सेलची कथाच सांगते. नेत्राणीला निघायच्या आदल्या रात्री स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटखाली बसून झाकण उघडलं, सेल बदलला, झाकण घट्ट केलं. वेळ लागला असेल पाच मिनिटं. दुसऱ्या दिवशी पहिली डाइव्ह छान झाली. दुसऱ्या डाइव्हला नऊ मीटरवर पडद्याच्या आतून वाफ धरल्यासारखं दिसलं. मग आकड्यांच्या शेपट्या गळाल्या. ८ चा ३ झाला, मग सगळंच पुसलं. गाइडला अंगठा दाखवला आणि वर आलो. घरी येऊन भिंग लावून बघितलं तर ओ-रिंगवर (झाकणाच्या रबरी कडीवर) एक केस आडवा. माझाच, मेंदी लावलेला, त्यामुळं लगेच ओळखू आला. नशीब म्हणजे धुऊन, वाळवून, नवा सेल घातल्यावर यंत्र परत चालू झालं. तेव्हापासून ओ-रिंग बदलताना केसांना रुमाल बांधते, खोबणी कापसाच्या काडीनं पुसते आणि सिलिकॉन ग्रीस बोटाच्या टोकावर, दिसेल न दिसेल एवढंच. व्हॅसलिन लावू नका, रबराला चालत नाही.

दुसरं गेट | रविवार, सकाळी ८.३१

ताई, न्हाणीघरात मास्क लावून मोबाइल घेऊन उभा राहिलो. लेकीनं व्हिडिओ काढला. बारीक काहीही दिसत नाही, हे सिद्ध झालं. लिओनार्डोच्या शेजारी आता प्रश्नचिन्ह.

गॅजेटवेडा | रविवार, सकाळी ११.०२

पेरेग्रीन घ्या आणि विषय संपवा. पडदा २.२ इंची, रंगीत, गॉगल लावूनही दिसेल. वायरलेस चार्जिंग, ब्लूटूथ, मनगटावर कंप होतो. माझ्या मते बाकी सगळे कॅल्क्युलेटर आहेत.

नाहीतर ॲपल वॉच अल्ट्रा असेल कुणाकडं तर ओशनिक प्लस ॲप टाकून ४० मीटरपर्यंत चालतो. त्यातही गणित ब्युलमानचंच. फक्त फुकटात खोली आणि वेळ एवढंच मिळतं, डीकॉम्प्रेशनच्या (वर येताना कुठं किती थांबायचं त्या) हिशोबाला वर्गणी भरावी लागते.

लॉग (डाइव्हच्या नोंदी) उतरवायला सबसरफेस हे सॉफ्टवेअर वापरा. फुकट आहे. लिनक्सवाल्या लिनस टोरव्हाल्ड्सनं २०११ मध्ये सुरू केलं, कारण तो स्वतः डाइव्हर आहे. झूपला मात्र कॉम्प्युटरला जोडायची केबल वेगळी विकत घ्यावी लागते, आणि केबलची किंमत ऐकून घाम येतो.

निपाणीकर | रविवार, सकाळी ११.१५

माझ्या भाच्याचं दोन हजाराचं घड्याळ आहे, त्यावर "५० मीटर" लिहिलंय. ते चालंल काय? खरंच विचारतोय, चेष्टा न्हवं.

काळीनदी | रविवार, सकाळी ११.४८

नाही चालणार. "५० मीटर", म्हणजे पाच एटीएम, ही स्थिर दाबाची चाचणी. भांडी घासताना, फार तर पोहताना ठीक. साधी ॲपल वॉचसुद्धा अल्ट्रासारखी नाही, सिरीज १० चा खोलीमापक सहा मीटरपर्यंतच. डाइव्ह कॉम्प्युटरसाठी ईएन १३३१९ हे युरोपी मानक बघायचं, आणि त्याच्याही पुढं नायट्रोजनचा हिशोब करणारं गणित आत पाहिजे. घड्याळ खोली दाखवेल, पण "आता वर चल" म्हणणार नाही.

गॅजेटवेडा, पेरेग्रीन उत्तम आहे, वाद नाही. पण वर्षाला सहा-सात डाइव्ह करणाऱ्यानं पन्नास हजार मनगटावर बांधायचे आणि अंगात फाटका वेटसूट? आणि त्याचा सेल घरी बदलता येत नाही, चार्जिंग विसरलात की बसा. उरलेल्या पैशात माणूस मालवणला दोनदा जाऊन येईल. टाकीतली हवा बिनतारी दाखवणारा ट्रान्समीटर तर विसराच, तो एकटाच एका साध्या कॉम्प्युटरच्या किमतीला पडतो. शंभर रुपड्यांच्या दोरीनं प्रेशर गेज छातीशी अडकवा, तेच काम होतं.

हिडकलकाठ | रविवार, दुपारी ३.२६

माझं डाइव्हिंग मजेचं नाही. कुणी नदीत नाहीतर धरणात बुडालं की आम्हा पाच-सहा जणांना फोन येतो. घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय, हिडकल धरणाचा साठा, दगडखाणी. मासे दिसत नाहीत, स्वतःचा हात दिसत नाही. तरी बोलतो, कारण आपल्या भागात कॉम्प्युटर घेणाऱ्याला हे कुणी सांगत नाही.

पहिलं, उंची. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून हिशोब बदलतो. हिडकलचं पाणी समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर आहे. झूपमध्ये उंचीची तीन घरं आहेत: ए०, ए१, ए२. ३०० मीटरपर्यंत ए०, ३०० ते १५०० ला ए१, त्याच्या वर ए२. मालवणला ए०, इथं ए१. हे हातानं बदलावं लागतं. शीअरवॉटर स्वतः ओळखतो. आमच्यातल्या एकानं वर्षभर ए० वरच काम केलं आणि कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

दुसरं, आम्ही एका दिवसात पाच-सहा वेळा खाली-वर करतो. बारा मीटर खाली, दोरी बांधायची, वर येऊन सांगायचं, परत खाली. कॉम्प्युटरला हे आवडत नाही आणि शरीराला त्याहून आवडत नाही. मरणाची घाई असते असं वाटतं, पण खाली जो आहे त्याची घाई संपलेली असते. हे नातेवाइकांना काठावर सांगता येत नाही, म्हणून आम्ही वर कमी येतो, निरोप दोरीच्या खुणांनी देतो.

आवाज मोठा असलेला घ्या. आकडे दिसले नाहीत तरी वर येताना वेग जास्त झाला की पिपाणी वाजते, ती ऐकू येते.

टेबलवाले काका | रविवार, दुपारी ३.५०

हिडकलकाठ, तुमच्या कामाला हात जोडतो. माझी टेबलंही समुद्रसपाटीचीच आहेत, हे आज पहिल्यांदा नीट उमगलं.

खानापूरचा डॉक्टर | रविवार, रात्री ८.४४

धागा चांगला चाललाय, पण डाइव्हनंतर कॉम्प्युटरवर दिसणाऱ्या, "अजून विमानात बसू नका" सांगणाऱ्या विमानाच्या छोट्या चित्राबद्दल अजून कुणी बोललेलं नाही. बेळगावकराला ते सगळ्यात आधी समजलं पाहिजे.

आपले लोक मालवणला सकाळी दोन डाइव्ह करतात, सुरमईचं ताट जेवतात, तीन वाजता गाडीत बसतात आणि सहा वाजता आंबोली चढतात. गोव्याचे चोर्ला चढतात, नेत्राणीचे अरबैल घाट. कुणी विचारलं तर म्हणतात, आम्ही कुठं विमानात बसलोय?

कुडाळला घेतलेलं वेफर्सचं पाकीट आंबोलीत टम्म फुगतं, बघितलंय ना? बाहेरचा दाब उतरतो म्हणून. आंबोली ६९० मीटर, बेळगाव साधारण ७५०. बेळगावातला हवेचा दाब समुद्रकाठच्या ९१ टक्क्यांच्या आसपास. डाइव्ह करून आलेल्या माणसाच्या अंगात नायट्रोजन मुरलेला असतो, तो सावकाश श्वासावाटे जायला वेळ लागतो. त्याआधी बाहेरचा दाब उतरवला की त्याचे बुडबुडे व्हायची शक्यता वाढते.

डॅन या डाइव्हरांच्या आरोग्यसंस्थेचा सल्ला असा: डीकॉम्प्रेशन न लागलेल्या एका डाइव्हनंतर किमान १२ तास, जास्त डाइव्ह किंवा अनेक दिवस डाइव्ह केल्या तर किमान १८ तास विमान नको. हा सल्ला केबिनचा दाब साधारण ६०० ते २४०० मीटर उंचीइतका धरून दिलाय. बेळगाव त्या पट्ट्याच्या तळाशी, पण आत. घरी पोचलेला बेळगावकर म्हणजे पायरीवर बसलेला विमानप्रवासी.

घाबरवायचं नाही. विमानात दाब समुद्रकाठच्या ७५ टक्क्यांपर्यंत उतरू शकतो, आपल्याकडं ९१. धोका त्या मानानं पुष्कळ कमी. अमेरिकी नौदलाच्या तक्त्यात किती डाइव्ह केलीत आणि किती उंच जाताय यावरून थांबायचा वेळ काढतात. हलक्या डाइव्हला आपल्या उंचीसाठी तो थोडा किंवा शून्यही येतो, जड डाइव्ह दोन-तीन झाल्या तर तासांत जातो. पण सुट्टीतल्या माणसाला तक्ता कोण वाचून दाखवणार? मनगटावरचं विमान दिसतं तोवर घाट नको, एवढं पाळलं तरी बास. सुन्टो थोडीफार डाइव्ह झाली की किमान १२ तास ते चित्र ठेवतो, शरीर रिकामं व्हायला जास्त लागणार असेल तर जास्त.

माझ्याकडं एकदा एक तरुण आला होता, गोव्याहून रात्री परतलेला. खांदा दुखतोय, बोटांना मुंग्या. दोन दिवस बाम चोळत होता. म्हणाला, बॅग उचलताना लचकला असेल. डाइव्हनंतरची सांधेदुखी, मुंग्या, अंगावर चट्टे, नको एवढा थकवा, यातलं काहीही असलं तर बाम नको. ऑक्सिजन द्या आणि डाइव्ह केली होती हे डॉक्टरला तुम्ही स्वतः सांगा. आमच्यातले बरेच जण विचारणार नाहीत.

निपाणीकर | रविवार, रात्री ९.०१

डॉक्टर, आमचे लोक वर्षानुवर्षं मालवण करून त्याच रात्री परत येत्यात. कुणाला काय झालेलं ऐकलं न्हाई.

खानापूरचा डॉक्टर | रविवार, रात्री ९.२२

त्यातले नव्वद टक्के लोक गाइडचा हात धरून पाच-सात मीटरला पंधरा-वीस मिनिटं फोटो काढून आलेले असतात. (हा नव्वदचा आकडा माझा, बोटीवर बसून मोजलेला, कुठं छापू नका.) त्यांच्या अंगात मुरायला वेळच मिळत नाही. प्रश्न दुसरं गेटसारख्यांचा, जे १८ मीटरला दोन-दोन डाइव्ह करतात. आणि "ऐकलं नाही" याचं कारण खांदा दुखणारे माझ्याकडं येऊन बॅगेला दोष देतात.

शहापूरची सून | रविवार, रात्री ९.३०

मी आजवर दर वेळी त्याच दिवशी घाट चढले. पुढच्या वेळी नाही चढणार.

गॅजेटवेडा | रविवार, रात्री १०.१०

डॉक्टर, हा प्रतिसाद वाचनखुणेत. डाइव्हनंतर किती तास थांबायचं याचा हिशोब मी आजवर केलाच नव्हता.

दुसरं गेट | मंगळवार, रात्री ९.५५

गोव्यात एका डाइव्ह सेंटरचे भाड्यानं द्यायचे जुने झूप नोव्हो विकायला निघालेत. १३ हजार, सहा महिन्यांपूर्वी सेल बदललेला म्हणतात. जुना घेणं शहाणपणाचं का?

काळीनदी | मंगळवार, रात्री १०.४०

भाड्याचा पीस म्हणजे ओरखडे खूप, पण रोज वापरला, रोज गोड्या पाण्यात धुतला गेलेला. कपाटात चार वर्षं पडून राहिलेल्यापेक्षा बरा. जाऊन बघा. सेलचं झाकण उघडायला लावा. आत हिरवट थर असेल तर चहा पिऊन परत या. चारही बटणं रुतत नाहीत ना, पडद्याच्या कडेला काळा डाग नाही ना, लॉगमध्ये खोल्या विचित्र नाहीत ना ते बघा. सीरियल नंबर टिपून घ्या आणि त्या मॉडेलचे पीस कंपनीनं कधी परत मागवले होते का ते तपासा. पैसे द्यायच्या आधी पाण्यात उतरवून खोली बरोबर दाखवतो का ते बघता आलं तर सोन्याहून पिवळं.

परदेशातून कुरिअरनं मागवायचा विचार असेल तर कस्टमचा आकडा धरून तुलना करा. स्वस्त वाटलेला माल दारात येईपर्यंत स्वस्त राहत नाही, वर वॉरंटीची पंचाईत.

दुसरं गेट | पुढचा रविवार, सायंकाळी ६.१८

घेतला. सेंटरवाल्यानं "आठ दिवसांत न पटला तर परत" असं लिहून दिलं. झाकणाच्या आत लखलखीत, काचेवर दोन मोठे ओरखडे, एक बरोब्बर तापमानाच्या आकड्यावर. समुद्र किती गार आहे हे मला तसंही कळतं.

चाचणी खानापूर तालुक्यात मेव्हण्याच्या विहिरीत घेतली. पाऊस नुकताच संपल्यानं विहीर काठोकाठ. कांद्याच्या जाळीच्या पिशवीत कॉम्प्युटर आणि एक दगड, नायलॉनच्या दोरीला तीन-तीन मीटरवर गाठी. हिडकलकाठांचं ऐकून आधी ए१ लावला. पिशवी पाण्यात गेली, चौथी गाठ पाण्याला टेकली की दहा मिनिटं थांबलो. मेव्हणा म्हणाला, "दाजी, एवढ्यात मासा लागला असता." वर काढताना त्यानं विहिरीतली बादली ओढतात तशी सणसणीत ओढली, तर आतनं पीं पीं पीं. सासूबाई धावत आल्या.

लॉगमध्ये सगळ्यात जास्त खोली ११.७. गाठी मी टेपनं मोजून १२ मीटरला मारल्या होत्या. मेव्हणा लगेच म्हणाला, परत करा, फसवलं. मग मला आठवलं की हे यंत्र दाब मोजतं आणि त्यावरून खोली काढताना पाणी गोड्यापेक्षा जड धरतं. विहिरीचं पाणी हलकं, म्हणून दोन-तीन टक्के कमी दाखवणारच. म्हणजे बरोबर आहे. दोरी भिजून ताणली असेल ते वेगळं.

एक गंमत झाली. कॉम्प्युटरला वाटतंय मीच खाली जाऊन आलो. "सावकाश ये" म्हणून ओरडून झालं, लॉगबुकात माझ्या नावावर बारा मीटरची एक उनाड डाइव्ह जमा. तिचा हिशोब उतरेपर्यंत दोन दिवस हात लावला नाही.

उरलेल्या पैशांतून मास्कला माझ्या नंबरच्या काचा बसवायला टाकल्यात. ताईंचा न्हाणीघराचा प्रयोग त्याला कारण. घरी पंधराच्या आत बसवला म्हणून सांगितलं, आणि या वेळी ते खरं आहे.

शहापूरची सून | पुढचा रविवार, सायंकाळी ६.४०

काचा कुठं बसवल्या ते व्यनि (खासगी निरोप) करा. मलाही करायच्यात.

निपाणीकर | पुढचा रविवार, सायंकाळी ७.०२

सासूबाईंची पहिली डाइव्ह कवा?

दुसरं गेट | तीन आठवड्यांनी, सोमवार, सकाळी ८.२०

मालवणहून परत येतोय, हे आंबोलीतनं लिहितोय.

काल दोन डाइव्ह झाल्या, १४ आणि ११ मीटर. दुसरीतून वर आलो तेव्हा १२.४० झाले होते. काळीनदी, तुमचा हिशोब बरोबर निघाला: पहिल्या डाइव्हला कॉम्प्युटरकडं पुष्कळ मिनिटं शिल्लक होती, हवा माझी संपली. काचांमुळं कोपऱ्यातलं सगळं वाचता येत होतं. वर येताना तीन मिनिटं घ्यायच्या सुरक्षा थांब्याला पाच मीटरवर तीनाचे दोन, दोनाचा एक होताना बघत होतो, तर एक भलामोठा पोपट मासा शेजारी येऊन थांबला. या वेळी मासे मी बघितले.

बोटीवर पोचलो तोवर पडद्यावर विमान. सावंतवाडीला आत्याकडं मुक्काम टाकला. डॉक्टरांचे अठरा तास धरले तर सकाळी ६.४० येत होते. पहाटे पाचला पाणी प्यायला उठलो, दिव्याचं बटण दाबून बघितलं, विमान गेलेलं. तरी सात वाजेपर्यंत निघालो नाही. आत्यानं तेवढ्यात घावणे केले.

आता टपरीवर चहाला थांबलोय. लेकीनं काल कुडाळला घेतलेलं वेफर्सचं पाकीट माझ्या नाकासमोर धरलंय. टम्म.

निपाणीकर | सोमवार, सकाळी ८.३३

पाकिटाला रात्री सावंतवाडीला झोपवलं न्हवतं काय?

खानापूरचा डॉक्टर | सोमवार, सकाळी ८.५०

त्याला बाम लावू नका.

हिडकलकाठ | सोमवार, सकाळी ९.१५

खानापूरच्या विहिरीत लावलेला ए१ मालवणला ए० वर आणला होता ना?

दुसरं गेट | सोमवार, सकाळी ९.२१

...नव्हता. आत्ताच बघितलं, ए१ वरच आहे. म्हणजे दोन्ही डाइव्ह उंचावरच्या हिशोबानं झाल्या?

हिडकलकाठ | सोमवार, सकाळी ९.२६

होय. या बाजूनं चूक झाली तर यंत्र जास्त भित्रं होतं, वेळ कमी देतं, नुकसान काही नाही. उलट झाली असती तर बोललो असतो. ए१ काढा आता. आणि झाकणाच्या आतल्या बाजूला नको, पट्ट्यावर रंगाच्या पेननं लिहून ठेवा: मालवण ०, घर १.